बेंच सप्लायवर बॅटरी ‘फुल’ दिसते, लोड लावला की बसते: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार जवळपास दरवेळी याच शब्दांत येते. बेंच सप्लायवर, म्हणजे ज्यावर व्होल्टेज आणि करंट आपण ठरवतो अशा ॲडजस्टेबल सप्लायवर, १४.४ व्होल्ट लावले, बॅटरी जोडली, रात्रभर ठेवली. सकाळी मीटरवर १२.७ दिसले म्हणून समाधान वाटलं. लोड लावला आणि पाच मिनिटांत १० व्होल्ट. पुन्हा चार्ज केली, पुन्हा तेच.

१२ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीचं असं होत असेल, तर ती गेली असं ठरवण्याआधी थांबा. खरंच गेलेली असू शकते. पण सप्लायचं सेटिंग, बारीक वायरी किंवा चार्जिंग संपल्यावर केलेली एखादी चूक यांमुळेही अगदी हेच दिसतं, आणि तशात चांगली बॅटरी भंगारात जाते.

सगळ्या तपासणीचा पाया एका गोष्टीवर आहे. बेंच सप्लायवर दोन आकडे दिसतात, व्होल्ट आणि अँपिअर. त्यातला एक त्या क्षणी आपण लावलेला असतो, दुसरा बॅटरी ठरवते. सीसीचा (स्थिर करंटचा) दिवा लागलेला असेल तर करंट आपला आणि व्होल्टेज बॅटरीचं. सीव्हीचा (स्थिर व्होल्टेजचा) दिवा लागला की उलट: व्होल्टेज आपलं, करंट बॅटरीचा. आपण लावलेला आकडा बॅटरीबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे ‘१४.४ दाखवतोय म्हणजे झाली’ हे म्हणणं मुळातच चुकतं. तो १४.४ तुमच्या नॉबचा आहे.

आधी सप्लाय तपासा

तुमच्या सप्लायला खरी करंट लिमिट आहे का? काही सप्लाय करंट जास्त झाला की तो धरून ठेवत नाहीत, आउटपुट बंदच करतात. काही बंद-चालू-बंद असे झटके देत राहतात. ते संरक्षण झालं, स्थिर करंट नव्हे. उतरलेली बॅटरी जोडली की असा सप्लाय ट्रिप होतो, आपण रीसेट करतो, तो परत ट्रिप होतो आणि सकाळपर्यंत बॅटरीत फारसं काही गेलेलंच नसतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. बॅटरी जोडू नका. व्होल्टेज ५ वर ठेवा, करंटचा नॉब अगदी खाली आणा, आउटपुटच्या दोन वायरी एकमेकींना जोडा आणि करंट हळूहळू अर्ध्या अँपिअरपर्यंत वाढवा. सीसीचा दिवा लागून अर्धा अँपिअर स्थिर राहिला तर सप्लाय या कामाचा आहे. धडधडायला लागला किंवा बंद पडला तर चार्जिंगसाठी तो वापरू नका. ज्या सप्लायवर ‘ओसीपी’ (करंट जास्त झाला की आउटपुट तोडणारं संरक्षण) चालू करायचं वेगळं बटण असतं, तिथे ते बंद ठेवा. करंट लिमिट तशीही काम करते.

सेटिंगची पद्धत हीच: व्होल्टेज बॅटरी न जोडता लावायचं आणि मल्टिमीटरने पडताळायचं, करंट वायरी शॉर्ट करून लावायचा. पॅनलवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. स्वस्त सप्लायचं पॅनल ०.२ व्होल्टने चुकत असेल, तर १४.४ आणि १४.६ यांतला फरक काही सीलबंद बॅटऱ्यांना महागात पडतो.

आकडे

बॅटरीच्या अंगावर छापलेला आकडा असेल तर तोच प्रमाण. छोट्या सीलबंद बॅटऱ्यांवर बहुतेक वेळा दोन ओळी असतात: सायकल वापरासाठी (वापरून पुन्हा चार्ज करायची असेल तर) साधारण १४.४ ते १५ व्होल्ट आणि स्टँडबायसाठी (सतत सप्लायला जोडून ठेवायची असेल तर) १३.५ ते १३.८. सोबत सुरुवातीचा कमाल करंट असतो. ७ एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरीवर तो बहुधा २.१ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या ३० टक्के असतो. तो कमाल आहे, रोज तितकाच द्यायला हवा असं नाही. मी क्षमतेच्या १० टक्क्यांवर चार्ज करतो. ७ एएचला ०.७ अँपिअर, ६० एएचला ६ अँपिअर. घाई असेल तर २० टक्के.

छापलेलं काही नसेल तर पाण्याच्या बॅटरीला आणि एजीएमला (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषलेली सीलबंद बॅटरी) १४.४ व्होल्ट हा सुरक्षित मध्य आहे. जेल बॅटरीला १४.१ पासून सुरुवात करा आणि १४.४ च्या वर कधीच जाऊ नका. जेलमध्ये एकदा वायूचे बुडबुडे अडकले की ती जागा कायमची निकामी होते.

हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत आणि तापमानाची गडबड बरेच जण लक्षातच घेत नाहीत. १२ व्होल्टच्या बॅटरीला सायकल चार्जिंगमध्ये दर अंशामागे साधारण ३० मिलिव्होल्टचा फरक धरतात, फ्लोटमध्ये, म्हणजे स्टँडबायला, साधारण १८. खोली ४० अंशांवर असेल तर १५ अंश जास्त झाले, म्हणजे १४.४ च्या जागी १४ च्या आतच राहायला हवं. १० अंशांवर उलट: तिथे १४.४ ठेवलं तर बॅटरी अर्धपोटी राहते. ‘हिवाळ्यात चार्ज होत नाही, उन्हाळ्यात फुगते’ अशी बॅटरी अनेकदा निर्दोष असते.

करंट वाचायला शिका

इथे वेळ घालवा, बहुतेक उत्तरं इथेच मिळतात. चार्जिंगला लावल्यावर पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी आणि नंतर दर तासाने दोन्ही आकडे कागदावर लिहा. व्होल्टेज मात्र सप्लायच्या पॅनलवरचं नाही, बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावून घेतलेलं. क्लिपवर नाही, शिशाच्या टर्मिनलवरच.

निरोगी बॅटरीचा कागद असा दिसतो. सुरुवातीला सीसी: करंट स्थिर, व्होल्टेज १२.३, १२.६, १३ असं हळूहळू चढतं. काही तासांनी १४.४ गाठून सीव्हीचा दिवा लागतो. मग करंट उतरायला लागतो, आधी भराभर, नंतर रेंगाळत. हा रेंगाळणारा भाग म्हणजे चार्ज प्लेटांत मुरण्याचा काळ. प्लेटेच्या पृष्ठभागावरचं लेड सल्फेट लवकर बदलतं, आतलं बदलायला आम्लाला प्लेटेच्या छिद्रांतून आत-बाहेर जावं लागतं, आणि त्या कामाला तुमच्या नॉबने वेग येत नाही. करंट क्षमतेच्या १ ते २ टक्क्यांवर आला, म्हणजे ७ एएचला ७० ते १४० मिलिअँपिअर, आणि तिथे दोन-तीन तास हलला नाही, की बॅटरी भरली.

सर्वांत जास्त दिसणारी चूक हा मुरण्याचा काळ कापण्याची आहे. सीव्हीचा दिवा लागला की चार्जिंग संपलं असं समजून सप्लाय बंद केला जातो. जितका जास्त करंट लावाल तितका तो दिवा लवकर लागतो आणि तितकी बॅटरी जास्त रिकामी राहते. दरवेळी असं केलं की उरलेलं सल्फेट कडक होत जातं, पुढच्या वेळी दिवा आणखी लवकर लागतो, आणि ही साखळी काही महिन्यांत चांगल्या बॅटरीची वाट लावते. ‘पूर्वी पाच तास घ्यायची, आता एका तासात फुल होते’ असं कोणी आनंदाने सांगितलं की मला काळजी वाटते. त्या बॅटरीत मावणाराच चार्ज कमी झालेला असतो.

आता बिघडलेले कागद.

पहिल्याच मिनिटाला व्होल्टेज थेट १४.४ आणि करंट जवळजवळ शून्य. आधी जोडणी पाहा: टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, क्लिपचा दात रंगावर टेकलेला, फ्यूज उडालेला. टर्मिनलवरच्या मीटरवर १४.४ येत नसून पॅनलवरच येत असेल तर दोष जोडणीत आहे. टर्मिनलवरही १४.४ असेल तर बॅटरीचा आतला रोध वाढला आहे. सल्फेशन (प्लेटांवर कडक झालेलं सल्फेट), सीलबंद बॅटरीत सुकलेला ओलावा, किंवा आतला जोड तुटलेला. यावर खाली वेगळं लिहितो.

व्होल्टेज १२ ते १२.५ च्या आसपास अडकून राहिलं आहे, करंट लावला तितकाच जातो आहे, आणि चार्ज पूर्ण व्हायची वेळ उलटून गेली तरी सीव्ही येत नाही. हा एक सेल शॉर्ट झाल्याचा कागद. हिशेब सोपा आहे: सहा सेलपैकी पाचच व्होल्टेज धरतात, आणि पाच भरलेले सेल चार्जिंगमध्ये १२ व्होल्टच्या थोडं वर थांबतात. विसावल्यावर अशी बॅटरी साधारण १०.५ दाखवते. हिच्यावर वेळ घालवू नका. सप्लायला १४.४ गाठायचं असतं, म्हणून उरलेले पाच सेल तासन्‌तास उकळत राहतात. बॅटरी तापते, वायू सोडते आणि हे रात्रभर दुर्लक्षित राहिलं तर धोका आहे. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने (आम्लाचं विशिष्ट गुरुत्व मोजायच्या साधनाने) खात्री करता येते. भरलेल्या सेलचं विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८० च्या आसपास असतं. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असेल तर तोच दोषी.

करंट उतरत होता आणि मग पुन्हा वाढायला लागला. हा कागद दिसला की आधी सप्लाय बंद करा, कारण नंतर शोधा. सीलबंद बॅटरी तापली की तिचा करंट वाढतो, करंट वाढला की ती आणखी तापते. बाजू फुगायला लागतात. अशी फुगलेली बॅटरी थंड झाल्यावर ‘ठीक’ वाटली तरी परत वापरू नका. बहुतेक वेळा कारण जास्त व्होल्टेज, गरम जागा किंवा एखादा शॉर्ट सेल हेच असतं.

करंट उतरला पण ५ टक्क्यांवरच अडकला. जुनी पाण्याची बॅटरी असं करते. तिथे तीन तास आकडा हलला नाही तर थांबवा, पुढचा सगळा करंट पाणी फोडण्यातच जातो आहे.

वायरी आणि तो लोकप्रिय डायोड

सप्लायसोबत येणाऱ्या बारीक वायरी आणि मगर क्लिपा मिळून ०.१ ओहम रोध सहज होतो. ५ अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट खर्च होतो: सप्लाय १४.४ वर पोचला, सीव्हीचा दिवा लागला, आणि बॅटरीला मिळाले १३.९. पण यात एक बारकावा आहे. करंट उतरत जातो तसा हा फरकही मिटत जातो. १०० मिलिअँपिअरला तो फक्त १० मिलिव्होल्ट उरतो. म्हणजे बारीक वायरीमुळे चार्जिंग लांबतं, पण पुरेसा वेळ दिला तर बॅटरी अपुरी राहत नाही. म्हणून वायरीतला फरक भरून काढायला सप्लायवर १४.९ लावू नका. शेवटी सगळेच्या सगळे १४.९ बॅटरीवर येतील. जाड वायर लावा, किंवा सप्लायला सेन्सचे (बॅटरीजवळचं व्होल्टेज मोजणारे) वेगळे टर्मिनल असतील तर ते बॅटरीपर्यंत न्या.

बॅटरीतून करंट उलटा येऊ नये म्हणून मालिकेत डायोड घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण त्याचीही हीच अडचण. शॉटकी (कमी व्होल्टेज खाणाऱ्या) डायोडवर भर करंटला अर्धा व्होल्ट पडत असेल तर शेवटच्या टप्प्यात त्याहून बराच कमी पडतो. डायोड असेल तर व्होल्टेज शेवटच्या टप्प्यात, करंट उतरल्यावर, टर्मिनलवर मीटर लावून जुळवा.

सप्लाय बंद केला आणि क्लिपा तशाच राहिल्या

हे मी स्वतः भोगलं आहे. ७ एएचची एक सीलबंद बॅटरी दर आठवड्याला नीट, अगदी करंट ७० मिलिअँपिअरवर येईपर्यंत चार्ज करायचो. मग सप्लायचा स्विच बंद करून क्लिपा तशाच ठेवायचो, लागेल तेव्हा सोडवू म्हणून. आठवड्याने बॅटरी ११ च्या खाली. तीन आठवडे मी बॅटरीला दोष दिला. शेवटी सप्लाय बंद असताना मालिकेत मीटर लावला, तर बॅटरीतून सप्लायमध्ये ४० मिलिअँपिअर उलटे वाहत होते. दिवसाला जवळपास १ एएच. सात दिवसांत सात. हिशेब इतका नेमका जुळला की वाईट वाटलं. तोवर ती बॅटरी तीनदा पूर्ण रिकामी झाली होती आणि तिची निम्मी क्षमता पुढे कधी परत आली नाही.

बहुतेक बेंच सप्लायच्या आउटपुटवर आत रोध, फीडबॅकचं सर्किट आणि पॅनलचा मीटर असतो. वीज बंद झाली की बॅटरी त्यांना पोसत बसते. आउटपुट रिलेने तोडणारे सप्लाय असतात, पण तुमचा तसा आहे हे मोजल्याशिवाय धरून चालू नका. रात्री वीज गेली आणि तासाभराने आली तरी हेच होतं. शिवाय काही सप्लाय वीज आल्यावर आउटपुट बंद ठेवूनच सुरू होतात, म्हणजे सकाळपर्यंत उलटाच प्रवाह. ‘रात्रभर लावली होती’ या तक्रारीतल्या काही रात्री अशा असतात. डायोड खरा कामाला येतो तो इथे.

याहून वाईट प्रकार दोन आहेत. काही सप्लायमध्ये व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की आउटपुट शॉर्ट करणारं क्रोबार संरक्षण असतं. त्याची मर्यादा १४ वर राहून गेली असेल तर ते चार्जिंगच्या मध्येच चालू होतं आणि बॅटरी थेट शॉर्ट होते. दुसरा, उलटे टोक. बऱ्याच सप्लायच्या आउटपुटवर उलटा डायोड असतो. प्लस-मायनस अदलाबदल झाली की बॅटरीचा सगळा करंट त्यातून जातो, आणि सप्लायची करंट लिमिट इथे काहीही करू शकत नाही, कारण करंट तिचा नाहीच. दोन्हींवर उपाय एकच आहे: बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ, चार्जिंग करंटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा फ्यूज. फ्यूजशिवाय मी बॅटरी सप्लायला लावत नाही.

जोडण्याचा क्रमही ठरवून घ्या. क्लिपा आधी बॅटरीवर घट्ट बसवा, जोडणं-तोडणं सप्लायच्या टोकाला करा. तिकडे ठिणगी पडली तरी ती वायूपासून दूर असते. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, हातात अंगठी किंवा कडं नको.

पार उतरलेली बॅटरी

महिनोन्‌महिने पडून राहिलेली, ४-५ व्होल्ट दाखवणारी बॅटरी अनेक ऑटोमॅटिक चार्जर ओळखतच नाहीत. इथे बेंच सप्लायचा खरा उपयोग आहे. १४.४ व्होल्ट लावा, करंट लिमिट क्षमतेच्या ५ टक्क्यांवर ठेवा आणि वाट पाहा. सुरुवातीला काही मिलिअँपिअरच जातील. सल्फेट वीज नीट वाहू देत नाही, आणि पार उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल जवळपास पाण्याइतकं पातळ झालेलं असतं. करंट तासातासाने वाढत गेला तर बॅटरी सुधारते आहे. तो वाढत वाढत लिमिटला टेकेल, व्होल्टेज खाली येईल, आणि तिथून नेहमीचं चार्जिंग सुरू होईल. चोवीस तासांत करंट हललाच नाही तर मी सोडून देतो.

सीलबंद बॅटरीला घाई करून १६ किंवा १८ व्होल्ट लावू नका. तिच्यातला ओलावा गेला की परत भरता येत नाही. पाण्याच्या बॅटरीला, सगळे सेल पूर्ण चार्ज झाल्यानंतर, १५.५ पर्यंत अगदी कमी करंटवर काही तास देणं चालतं. त्याने सेल एकसारखे होतात आणि तळाशी बसलेलं दाट आम्ल ढवळलं जातं. त्याआधी प्लेटा पाण्याखाली आहेत ना ते पाहा आणि भर फक्त डिस्टिल्ड पाण्याची घाला, ॲसिडची कधीच नाही. गोठलेली बॅटरी मात्र पूर्ण वितळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २८.८ वर चार्ज करत असाल आणि तक्रार त्या जोडीची असेल, तर आधी दोन्ही वेगळ्या करा आणि एकेक चार्ज करा. जोडीत एक जास्त चार्ज होते, दुसरी उपाशी राहते, आणि पॅनलवर बेरीज बरोबर दिसते.

भरली की नाही, याची परीक्षा

चार्जिंग थांबवल्याबरोबर घेतलेला आकडा निरुपयोगी आहे. वरवरचा चार्ज उतरायला निदान तीन-चार तास, जमल्यास रात्रभर द्या, आणि या काळात सप्लाय पूर्ण सोडवलेला असू द्या. त्यानंतर १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम याहून थोडं वर दाखवते.

पण विसावलेलं व्होल्टेज बॅटरी किती भरली ते सांगतं, तिच्यात मावतं किती ते सांगत नाही. निम्म्या प्लेटा मेलेली बॅटरीही १२.७ दाखवते. क्षमता कळायला लोडच लावावा लागतो. ७ एएचच्या बॅटरीवर ०.३५ अँपिअरचा लोड लावून ती १०.५ वर यायला किती तास लागतात ते मोजा. नवीन असेल तर साधारण २० तास. १२ तासांच्या खाली आली तर तिच्याकडून फार अपेक्षा नको. हा ७ एएचचा आकडाच २० तासांच्या संथ लोडसाठी असतो. तासाभरात रिकामी करायला गेलात तर त्याच नव्या बॅटरीतून जेमतेम ६० टक्के निघतात. ‘४ अँपिअरचा लोड एकच तास चालतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याची बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही बरोबर असतात. त्याला मोठी बॅटरी हवी असते.

परीक्षा झाली की त्याच दिवशी पुन्हा पूर्ण चार्ज करा, रिकामी ठेवू नका. नंतर सतत जोडूनच ठेवायची असेल तर सप्लाय १३.६ वर आणा. सोडवून ठेवणार असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी व्होल्टेज पाहा आणि १२.४ दिसले की पुन्हा चार्जिंगला लावा. मी प्रत्येक बॅटरीवर कागदाची पट्टी चिकटवतो: तारीख, विसावलेलं व्होल्टेज, आणि चार्जिंग थांबवताना असलेला करंट. तो शेवटचा आकडा एका वर्षात ७० मिलिअँपिअरवरून २०० वर गेलेला दिसला, की नवी बॅटरी आणायची वेळ जवळ आली.